घटपर्णी खिडकीतून हलवल्या

नळाचं पाणी नाही. पावसाचंच.

वाढदिवसाच्या घरी शिरलं की सगळ्यांचंच अभिनंदन करायचं: मुलीचं आईच्या वाढदिवसाबद्दल, जावयाचं सासूच्या वाढदिवसाबद्दल. एव्हर्ट मांजराशीही हस्तांदोलन करतो आणि दर वर्षी स्वतःच हसतो.

पांढऱ्या मांजरावर काहीही लागलं तरी दिसतं. योप नारिंगी आहे.

समोरच्या श्रीमती ब्रंटना ऐकू कमी येतं. दिसतं फार.

लिलीचे पुंकेसर कापायचे नाहीत, फूल बोडकं दिसतं. (आई.)

कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं तर दोष बहुधा यंत्राचा नसतो. ते नीट बसवलेलं नसतं, एवढंच. पण माणसं यंत्रालाच बोलतात.

फोटो आला तेव्हा रेन्स्केच्या हातात एका म्हाताऱ्याचा कान होता. श्रवणयंत्रांच्या दुकानात दुसरं कोणी नव्हतं. म्हातारा डोळे मिटून बसला होता, ती त्याच्या कानाच्या वळणात यंत्राचं टोक फिरवत होती, आणि शेजारी ठेवलेला फोन टेबलावर थरथरत पुढे सरकला, जसा काही त्यालाच घाई होती. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. तिचंच घर. रस्त्यावरून काढलेली तिची पुढची खिडकी, पडदा नसलेली, अर्थात, कारण पडदा ओढून बसायला ती काही चोर नाही. काचेमागे कट्ट्यावर ओळीने तिच्या घटपर्णी, आणि मधल्या मोठ्या घटाच्या तोंडाला तोंड लावून योप. फोटोत असं दिसत होतं की झाडाने त्याचं नाक पकडलंय. खाली तिच्या बहिणीने, इनेकेने, लिहिलं होतं: हे काय चाललंय? मग एव्हर्टचा, म्हणजे इनेकेच्या नवऱ्याचा, हसणारा चेहरा. मग पुन्हा इनेके: हसू नकोस एव्हर्ट. फोटो श्रीमती ब्रंटने काढला होता, समोरच्या फुटपाथवर उभं राहून, आणि इनेकेला पाठवला होता, कारण दोघी एकाच गानवृंदात गातात आणि गाण्यापेक्षा हेच जास्त करतात. इनेकेने तो घरच्या गटात टाकला. घरच्या गटात आई आहे. आई स्वतः फोन बघत नाही, वृद्धनिवासातली मुलगी दुपारच्या चहाबरोबर तिला सगळं मोठ्याने वाचून दाखवते. म्हणजे चहापर्यंत आईला कळणार. रेन्स्केने म्हाताऱ्याला विचारलं, आता कसं ऐकू येतंय? तो म्हणाला, तुमचा श्वास ऐकू येतोय, बाई, रागावलात का.

रागावलेली नव्हती. राग यायला काही नवीन घडावं लागतं. हे सगळं जुनं होतं, इतकं जुनं की तिला त्याचा वाससुद्धा ओळखता येत होता: दलदलीचा, ओल्या शेवाळाचा, जॅमच्या बरणीतला. ती दुसरीत होती की तिसरीत. बाबा तिला सायकलच्या मागच्या सीटवर बसवून आसेन गावाबाहेरच्या दलदलीत घेऊन गेले, लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालवलं आणि पालथं झोपायला सांगितलं. नाकासमोर लाल केसांची इवलीशी पानं, प्रत्येक केसावर चिकट थेंब. याचं नाव दवबिंदू, बाबा म्हणाले. याच्यावर बसलेला डास उठत नाही. उपटायला परवानगी नव्हती, तेव्हाही नव्हती, पण बाबांनी इकडेतिकडे बघून एक रोप शेवाळासकट बरणीत घातलं आणि म्हणाले, आईला सांगू नकोस कुठून आणलं. ते रोप स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिलं. त्या वसंतात मिनूस मेली. मिनूस त्यांची पांढरी मांजर, इनेकेच्या बिछान्यात झोपणारी. आधी ओकली, मग पाण्याच्या वाटीपाशी नुसती बसून राहिली, मग बसलीही नाही. कोणी काही विचारायच्या आत आत्या खिडकीकडे बघून म्हणाली, किडे खाणारं झाड घरात ठेवल्यावर काय होणार. एवढंच. एका बाईने कॉफी ढवळताना म्हटलेलं वाक्य. आईने बरणी बाहेर नेऊन कचऱ्याच्या डब्यात उपडी केली, इनेके रडत होती, आणि त्या दिवसापासून या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रेन्स्केच्या झाडाने मिनूसला मारलं. आईबाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस, इनेकेचं लग्न, बाबांच्या अंत्यविधीनंतरची कॉफी: वर्तुळात खुर्च्या मांडल्या, केकचा तुकडा मांडीवर आला, की कोणीतरी विचारतंच. काय रेन्स्के, हल्ली काय खातंय तुझं झाड? पोस्टमन येतो ना अजून?

मोठेपणी तिने घटपर्णी घेतली ती हट्टाने, हे तिला माहीत आहे. बागेच्या दुकानात हिरव्या लाल सुरया लटकवलेलं कुंडीतलं झाड दिसलं आणि तिच्या हाताने ते उचललं, डोक्याला विचारलंच नाही. मग दुसरं. मग जबड्यासारखी पानं मिटणारं. मग पुन्हा दवबिंदू, यावेळी रीतसर, पावती घेऊन. ती झाडं तिला आवडतात का, असं कोणी विचारलं तर तिला थांबून विचार करावा लागेल. ती त्यांना सांभाळते. मागच्या अंगणातल्या पिंपात पाऊस साठवते, नळाच्या पाण्याने ती मरतात म्हणून; थंडीत घटपर्णींना आत गरम ठेवते; घटांमध्ये काय पडलंय ते बघत नाही. आवडणं यालाच म्हणत असतील तर आवडतात.

आणि मग गेल्या शरदात आई वृद्धनिवासात गेली आणि तिथे मांजर चालत नाही, म्हणून योप रेन्स्केकडे आला. एव्हर्टला मांजराने शिंका येतात, त्यामुळे इनेकेचा प्रश्न नव्हता. आईने पेटी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, झाडांपासून लांब ठेव हं. योप कसा राहील, तुला जमेल का, यातलं काही नाही. झाडांपासून लांब ठेव. त्यानंतर दर बुधवारी रेन्स्के भेटायला गेली की आई पहिला प्रश्न हाच विचारते: योप आहे ना? कसा आहे, असं नाही. आहे ना. रेन्स्के म्हणते, आहे आई. आई मान हलवते, जशी काही एक आठवड्याची मुदत वाढवून देते.

रेन्स्केला मांजर नको होतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही, आणि नंतर सांगण्यासारखं राहिलं नाही, कारण पहिल्याच थंडीत योप तिच्या पायांवर झोपायला लागला आणि तिचे पाय, जे गेली कित्येक वर्षं गार पडतात, पडेनासे झाले. तो म्हातारा, जाडा आणि तुसडा आहे. वाटीतलं ताजं पाणी पीत नाही, घटपर्णीच्या खालच्या ताटलीतलं पावसाचं पाणी पितो. श्रीमती ब्रंटच्या फोटोत तो तेच करायला निघाला होता, वाटेत घटाचा वास घेत होता, इतकंच. पण इतकंच कोणाला सांगायचं? तिने गटात लिहिलं: ही झाडं मांजराला अजिबात विषारी नाहीत. पुसलं. लिहिलं: उलट त्यालाच सांभाळावं लागतं झाडांपासून. पुसलं, कारण उलटं लिहिलं गेलं होतं, झाडांना सांभाळावं लागतं मांजरापासून. योपने पंजा मारला की ते जबड्याचं पान मिटतं, आत काही नसतं, झाड फसतं, पुन्हा उघडायला त्याची ताकद जाते, तीनचार वेळा असं झालं की पान काळं पडतं. कोण कोणाला खातंय बघा. तेही पुसलं. शेवटी लिहिलं: तो पाणी पीत होता. इनेकेने उत्तर दिलं: त्यातलं???

त्या रात्री, जेवण झाल्यावर, तिने खरंच शोधून वाचलं. झाडं विकणाऱ्या बागवाल्याला फोनही केला. तो माणूस हसला आणि म्हणाला, बाईसाहेब, घटपर्णीत बुडायला मांजर मुंगीएवढं लागेल. पान चावलं तर फार तर ओकेल, शेवाळ खाल्लं तर पोट बिघडेल, कुंडीत कीटकनाशक घातलं असेल तर तेवढं बघा. घातलं नव्हतं, या झाडांना कोण घालतं. मग तिने मांजरांना चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या झाडांची माहिती वरून खाली वाचली, पुन्हा वरून, अर्धवट लक्षाने, तिची झाडं चालणाऱ्यांत आहेत एवढं बघायचं होतं. आहेत. न चालणाऱ्यांत सगळ्यात वर लिली होती. लिली ती ठेवत नाही. त्या वासाने तिचं डोकं दुखतं, लहानपणापासून. तिने पुढे वाचलं नाही.

इनेकेला फोन केला तेव्हा इनेकेने ऐकून घेतलं, हेच वाईट. इनेके ऐकून घेते तेव्हा तिचं ठरलेलं असतं. मग म्हणाली, हे बघ, वाचायला काय, सगळंच लिहिलेलं असतं कुठेतरी. आईचा जीव टांगणीला आहे. तिच्या वाढदिवसापर्यंत ठरव, झाडं की मांजर. एव्हर्टचा चुलतभाऊ आहे एम्मेनजवळ, त्याच्या गोठ्यात मांजरं राहतात. रेन्स्केने विचारलं, त्याच्याकडे कुत्रे आहेत ना? इनेके म्हणाली, आहेत, पण ते झाडं नाहीत. आणि रेन्स्केला हसू आलं. आपण हसलो याचाच तिला इतका वैताग आला की तिने फोन ठेवला, आणि ठेवल्यावर सुचलं काय बोलायचं ते. नेहमीसारखं.

तर शनिवार. आईच्या खोलीत वर्तुळ मावत नाही, म्हणून वाढदिवस रेन्स्केच्या घरी. चाकाच्या खुर्चीसकट नेणारी गाडी सांगितलेली होती, आईला घेऊन यायला रेन्स्के गेली, आणि घर लावायला इनेके, जिच्याकडे किल्ली आहे, कारण आपल्याकडे बहिणींकडे किल्ल्या असतात आणि परत मागणं म्हणजे युद्ध. वृद्धनिवासात आई दारातच तयार बसली होती, निळ्या ब्लाउजमध्ये, लिपस्टिक लावून. म्हणाली, योप आहे ना? गाडीत रेन्स्केने खिडकीबाहेर बघत सगळी वाक्यं तयार केली. आई, ते झाड विषारी नाही. आई, मिनूस म्हातारी होती. (नव्हती.) आई, तू आयुष्यभर माझ्यावर. इथे वाक्य थांबायचं. गाडी प्रत्येक वळणाला हळू होत होती, आईचा हात पट्ट्यावर, नखं रंगवलेली, आणि रेन्स्केला वाटलं की या बाईला आता ब्याऐंशीव्या की त्र्याऐंशीव्या वर्षी काय समजावणार आहोत आपण, आणि का, आणि समजलं तर मला काय मिळणार. तरी वाक्यं थांबेनात.

घरासमोर गाडी थांबली आणि तिने खिडकी पाहिली.

घटपर्णी नव्हत्या. एकही नाही. जबडेवालं नाही, दवबिंदू नाही. कट्टा पुसून चकचकीत केलेला, आणि दोन टोकांना दोन, अगदी एकसारख्या, पांढऱ्या फुलदाण्या, दोन्हींत एकसारखी मोठी फुलं. मध्ये योप, बरोब्बर मध्ये, जसा काही तोही आजच विकत आणलाय. आई म्हणाली, अगं बाई, किती छान दिसतंय. आणि छान दिसतच होतं. रस्त्यावरून बघणाऱ्या कोणालाही छानच दिसलं असतं.

पुढचं तिला तुटक आठवतं. दारात इनेके, अभिनंदन गं आईबद्दल, गालाला गाल, तीनदा. कुठे आहेत? काय कुठे आहेत? शेडमध्ये ठेवल्यात, सायकलींजवळ, काही झालेलं नाही त्यांना, आजचा दिवस तरी आईला शांतपणे केक खाऊ दे. मग खिडकीत काही नको का, रिकामी खिडकी किती वाईट दिसते, घर विकायला काढल्यासारखं. म्हणून बाजारातून फुलं आणली. एव्हर्ट मागून म्हणाला, आणि फुलं मांजर खात नाहीत, रेन्स्के. एप्रिल होता पण सकाळी गवतावर गोठलेलं दहिवर होतं, शेडमध्ये हीटर नाही, घटपर्णी रात्रभर तिथे राहिल्या असत्या तर पानं काळी पडली असती, आणि रेन्स्के कोट न काढता तशीच मागच्या दाराने शेडमध्ये गेली. सायकलच्या चाकाला टेकून घट उभे होते, एक मोडला होता, त्यातलं पाणी फरशीवर सांडलं होतं आणि त्यात एक माशी होती, अर्धी. ती उकिडवी बसली. आत वर्तुळात लोक येत होते, चुलतभाऊ, आत्याची मुलगी, श्रीमती ब्रंट (हिला कोणी बोलावलं), प्रत्येकजण प्रत्येकाचं अभिनंदन करत होता आणि भिंतीतून ते वाफेसारखं ऐकू येत होतं. मोडलेला घट हातात धरून ती बसून राहिली. किती वेळ बसली असेल. तेवढा वेळ ती फुलं बघायला हवी होती. तिने नाव घेतलं नव्हतं त्यांचं, मनातही नाही. तिला फक्त जागा दिसली होती, जिथे तिची झाडं नव्हती.

ती आत आली तेव्हा वर्तुळ पूर्ण होतं. तिची खुर्ची दाराशी, केकचा तुकडा बशीत, वाळायला लागलेला. आत्याची मुलगी म्हणाली, काय रेन्स्के, झाडांना जेवण दिलंस का, आणि सगळे हसले, जुन्या, सरावाच्या हसण्याने, ज्यात कोणाला काही म्हणायचं नसतं. रेन्स्केने केक तोंडात घातला. घरभर वास होता. कोणता वास ते तिचं डोकं आधी ओळखत होतं, कपाळाच्या डाव्या बाजूला, आणि तिला वाटलं की हा वैतागच आहे. योप कट्ट्यावरून उतरला, फुलदाणीला अंग घासून, कार्पेटवर बसला आणि पंजा चाटून तोंडावरून फिरवायला लागला, कान, गाल, पुन्हा पंजा, पुन्हा जीभ. मग उडी मारून आईच्या मांडीवर. आईचा चेहरा उघडला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि मग तिने हात उचलून उजेडात धरला. बोटं पिवळी होती. हळदीसारखी पिवळी. निळ्या ब्लाउजवरही एक पट्टा उठला होता.

आई म्हणाली, "अरे, आज पावडर लावून आलास की काय पार्टीला?"

हे वाक्य आईचं नव्हतं. हे बाबांचं होतं. हाच स्वर, हाच "पार्टीला". रेन्स्के खुर्चीत होती आणि स्वयंपाकघरातही होती, फरशी थंड, ती पायजम्यात, बाबा वाकलेले. ते कोणाला म्हणत होते हे दिसायच्या आतच समोरचं दिसलं: खिडकीतल्या लिली, आठ दहा तोंडं उघडलेली, पुंकेसर तसेच ठेवलेले, तपकिरी, भुकटीने भरलेले. न चालणाऱ्यांत सगळ्यात वर. पिवळी बोटं. नारिंगी मांजर, ज्याच्यावर काही दिसत नाही. जीभ.

ती उठली. बशी पडली, फुटली नाही. तिने योपला आईच्या मांडीवरून उचललं, आई म्हणाली अगं अगं, आणि रेन्स्केने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं, पंजे पुसले, तो फिस्कारला, फडकं पिवळं झालं. इनेके म्हणत होती, झालं तुझं सुरू, आईचा वाढदिवस आहे, तुला आजच का. श्रीमती ब्रंट म्हणत होती, मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही. रेन्स्केने मांजराची पेटी आणली, योपला आत कोंबलं, इनेकेला सांगितलं, "ती फुलं बाहेर फेक. आता. आणि आईचे हात धुव." इनेके काहीतरी म्हणाली. रेन्स्के ऐकायला थांबली नाही. पेटी सायकलच्या पुढच्या टोपलीत बांधली आणि निघाली, कोट अजून अंगावरच होता.

शनिवारी दुपारी जनावरांचा तातडीचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो. सायकल चालवताना पेटीतून एकसुरी, खालच्या पट्टीतलं रडणं येत होतं, प्रत्येक खड्ड्याला थांबून पुन्हा सुरू. तिला जाणवलं की ती त्याच्याशी बोलतेय. काय बोलतेय? तेच. गाडीत तयार केलेली वाक्यं. आई, माझ्या झाडाने काही केलं नाही. कालव्याजवळच्या पुलावर एका माणसाने तिला वाट दिली आणि सहानुभूतीने हसला, आणि तिला त्या माणसाचाही राग आला, पुलाचाही, लिली पिकवणाऱ्या, कापणाऱ्या, सेलोफेनमध्ये गुंडाळणाऱ्या सगळ्यांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, की आपण वाचलं होतं, पहिल्या ओळीत वाचलं होतं, आणि आपल्यावरचा आळ नाही ना एवढंच बघून थांबलो. दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, केस वर बांधलेले, हातावर ओरखडे. तिने विचारलं, काय खाल्लंय? लिली, रेन्स्के म्हणाली, पराग, चाटलाय, तासभर झाला असेल. डॉक्टरचा चेहरा बदलला नाही पण हात भरभर चालायला लागले. ओकायला लावायचं, सलाईन, दोन दिवस इथेच, मग रक्त तपासायचं. लिलीने किडन्या जातात, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी जातात. लोक सहसा उशिरा येतात, ती म्हणाली. मांजर आधी ओकतं, मग पाण्याशी नुसतं बसतं, लोकांना वाटतं पोट बिघडलंय. (सोमवारी योपच्या किडन्या ठीक असल्याचं कळेल, डॉक्टर स्वतः फोन करेल. पण आत्ता शनिवार आहे आणि कोणाला काही माहीत नाही.) रेन्स्केने ते वाक्य ऐकलं. मग पाण्याशी नुसतं बसतं. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि तिने भलतंच विचारलं, की घरी घटपर्णी आहेत, त्यांचं काय. डॉक्टर सलाईनची नळी चिकटवत म्हणाली, "त्यांचं काय? त्या बिचाऱ्यांना काय करायचंय."

बिचाऱ्या. असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

परत येताना पेटी रिकामी होती आणि रिकाम्या टोपलीची सायकल डगमगत होती. रेन्स्के घाईने येत नव्हती. तिच्याकडे आता मिनूसचं उत्तर होतं. इतकी वर्षं हात रिकामे होते आणि आता होतं, डॉक्टरच्या तोंडचं, पक्कं, वर्तुळाच्या मध्ये ठेवता येईल असं. कोण काय म्हणेल, कोणाचा चेहरा कसा होईल, आत्याची मुलगी कॉफीत बघेल, इनेके. आणि आई. आईपाशी आलं की चित्र पुढे सरकत नव्हतं. तिथे फक्त पिवळी बोटं होती, उजेडात धरलेली.

पाहुणे गेले होते. वर्तुळ तसंच होतं, रिकाम्या खुर्च्यांचं, आणि त्यात आई एकटी, खिडकीकडे तोंड करून. कट्ट्यावर पुन्हा घटपर्णी होत्या. चुकीच्या क्रमाने, एकीचं तोंड भिंतीकडे, पण सगळ्या. मोडलेल्या घटाला इनेकेने चिकटपट्टी लावली होती. इनेके स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, फोन हातात, डोळे लाल; तिनेही वाचलं होतं, दिसत होतं. रेन्स्के म्हणाली, दाखल केलंय, वेळेवर नेलं म्हणाले. इनेकेने मान हलवली. तिला बोलता येत नव्हतं, आणि इनेकेला बोलता येत नाहीये हे रेन्स्केने पहिल्यांदा पाहिलं, बहुधा मिनूसनंतर पहिल्यांदा.

आई वळली नाही. म्हणाली, "तुझी झाडं होती ना?"

"नाही आई," इनेके दारातून म्हणाली. "लिली होती. मी आणलेली."

आईने विचार केला. तिचा विचार करणं दिसतं, ओठ हलतात. "लिली? लिलीने काय होतंय. माझ्या वाढदिवसाला दर वर्षी असायची की घरात. बाबा आणायचे. खिडकीत ठेवायचे मी, मिनूस..."

इनेके रेन्स्केकडे बघत होती. आईचा हात मांडीवर होता, धुतलेला, तरी नखांच्या कडांना अजून पिवळं होतं, आणि ती ते दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खरवडत होती, हळूहळू, कळतंय की नाही कळत नाही अशी. अजून एक वाक्य तिच्या आत चालत निघालं होतं आणि ते पोचायला फार वेळ लागणार नव्हता. रेन्स्केला भयंकर वैताग आला. सगळ्याचा. की आत्ता, आत्ताच, जेव्हा सगळं हातात आलंय. की ही बाई कधी साधं विचारत नाही. की आपलं तोंड आपल्याला विचारत नाही.

"तेव्हाच्या लिली वेगळ्या होत्या, आई," ती म्हणाली. "जात वेगळी. त्यांनी काही होत नव्हतं."

आईने वळून तिच्याकडे पाहिलं. झाडांचं रेन्स्केला कळतं, हे या घरात सगळे मानतात, तोच तर तिच्यावरचा आरोप आहे. आईचे ओठ हलायचे थांबले.

"मग मिनूसला तुझ्याच झाडाने," ती म्हणाली, विचारत नव्हती, जागच्या जागी परत ठेवत होती.

"हो," रेन्स्के म्हणाली. "असेल."

आईने निःश्वास सोडला आणि म्हणाली, गाडी किती वाजता सांगितली आहेस, मला थंडी वाजतेय. इनेकेने शाल आणली. शाल पांघरताना तिचा हात रेन्स्केच्या दंडाला लागला आणि तिथेच राहिला, थोडा वेळ, काही न करता, जसं बहिणी या घरात कधी करत नाहीत. रेन्स्केने भिंतीकडे तोंड केलेली घटपर्णी उजेडाकडे वळवली. समोरच्या खिडकीत श्रीमती ब्रंट उभी होती. रेन्स्केने हात केला.

मिनूस आजारी पडली त्या सकाळी तिचं नाक पिवळं होतं, आणि बाबांनी ते रुमालाने पुसलं होतं.